केरबामामा कानात बोलायला शिकतात

दुपारचं जेवण झालंय आणि मी पालथा पडलोय. आळसाने नव्हे, डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने. माझ्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तो त्यांनी जागेवर बसवला, डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला आणि दम भरला, "तोंड खाली ठेवलंत तर हा बुडबुडा पडद्याला दाबून धरेल. झोपेत उताणे झालात की सगळं मुसळ केरात." डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्यामुळे जे काही आहे ते या उजव्यावर. त्यात मी पेशाने मुद्रितशोधक. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका वेचून आजवर जेवलो.

आणि मी जन्मभर झोपलोय तो उताणाच. तोंड उघडं टाकून, घोरत. माझ्या बायकोला, शैलजाला विचारा, ती साग्रसंगीत सांगेल. म्हणून सध्या मला डुलकीची भीती वाटते, आणि पालथ्या माणसाला दिवसभर दुसरं येतं तरी काय?

शैलजाने जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिलीय, घागरीखाली डोक्यावर घ्यायचे तशी. ती गादीच्या टोकाशी, फरशीवर मांडलीय, तिच्यात तोंड घालून मी फरशी बघत असतो. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. पहिले दोन दिवस मी घरातल्या सगळ्यांवर खेकसून काढले. मग पुण्याहून लेक आली, प्रणोती. तिने माझ्या कानात इयरफोन कोंबले आणि म्हणाली, "बाबा, पॉडकास्ट ऐका." मी म्हटलं, "म्हणजे रेडिओच ना, नवा सदरा घातलेला?" ऐकीव गोष्टीवर माझा कधी विश्वास नव्हता. छापलेलं असलं तर निदान लाल शाईने खोडता तरी येतं.

पण खोटं कशाला बोलू, दोन दिवसांत मी पार वाहून गेलो. एक मुलगी रोज जगाच्या बातम्या सांगते, इतक्या आपुलकीने, की दूरच्या समुद्रातल्या जहाजांची मला आता घरच्या गाडीसारखी काळजी वाटते. दोघं मित्र शब्दांची कुळं काढत बसतात. एक बाई इतिहास सांगताना मध्येच थांबून चहाचा घोट घेते, तो घोटही ऐकू येतो. आणि खेळावरच्या एका कार्यक्रमात जगभरचे निवेदक कसे ओरडतात ते वाजवून दाखवतात. शैलजा जेवायला हाक मारते आणि मी म्हणतो, "थांब, एवढं राज्य बुडू दे."

आता कानात बातम्यांची मुलगी बोलतेय. दोन देशांचे पुढारी हसतमुखाने भेटलेत आणि काहीच ठरलेलं नाही. तिचा आवाज मऊ होत चाललाय. चुंबळीतून दिसणारा फरशीचा सांधा लांब होतो, वळतो, पुसट होतो. मी स्वतःला बजावतो, झोपू नको. खाली फरशी नाहीये. लाल माती आहे, नुकती पाणी मारलेली, आणि तिच्यावर दोन पायताणं येऊन उभी राहतात.

"पालथं पडलायस व्हय रं जनबा?"

केरबामामा. माझ्या आईचे भाऊ. गावोगावच्या कुस्तीच्या मैदानांत कर्ण्यावरून निवेदन करायचे. हलगी थांबली की मामा सुरू. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा पोरगा, त्याच्या आज्याने कुणाला पाडलं होतं, सगळं तोंडपाठ. दहा हजार माणूस त्यांच्या एका वाक्यावर उठायचं आणि एका वाक्यावर खाली बसायचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही असणार, पण आल्या आल्या पाहुण्याला असलं काही विचारू नये.

"मामा, बसा," मी खालीच बघत म्हणतो. "मला मान वर करता येत नाही."

"नगंच करू." ते मातीवर मांडी घालून बसतात आणि माझ्या कानातलं एक बोंडूक सरळ काढून स्वतःच्या कानात घालतात. "हे काय वाजतंय रं?"

"बातम्या. दोन देशांची बोलणी चाललीयत."

मामा ऐकतात. त्यांचा गुडघा हलायला लागतो. मैदानात रंग भरायच्या आधी तो असाच हलायचा.

"नुरा कुस्ती हाय ही," ते म्हणतात. "आधीच ठरवून आल्यात दोघं. ही पोरगी सभ्य हाय म्हणून बोलंना, पर तिला कळलंय. आवाजावरनं वळखू येतंय. फुडं काय हाय?"

पुढे शब्दांची कुळं काढणारे ते दोघं मित्र आहेत. ते आता आमच्या गावच्या शाळेच्या पायरीवर बसलेत, शेंगा फोडतायत, आणि आम्ही खालच्या पायरीवर. पायरीवरही मी पालथाच आहे आणि याचं कुणाला काही वाटत नाही. एक जण म्हणतो, कुस्ती हा शब्द फारसीतून आलाय. पहिलवानही तिकडचाच.

मामांचा गुडघा थांबतो. "आरं तिच्या मायला! म्हंजे मी जलमभर फारसी बोलत हुतो?"

"थोडी थोडी."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई!" त्यांना राग आला असेल असं वाटतं, पण ते मांडीवर थाप मारून असे हसतात की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडतात. "तुझ्या मामीला सांगाय पायजे. मला अडाणी म्हणायची. बरं, शाबास तरी आपलं हाय का न्हाई?"

"तेही फारसी, मामा."

"मग आमचं उरलं काय?"

शेंगा फोडणारा मित्र थोडा विचार करून म्हणतो, "माती. माती आपली आहे."

"हां," मामा म्हणतात. "मग झालं तर. बाकीचं मागून आणलं तरी चालतंय."

त्यांना आता थांबवणं कठीण आहे. इतिहासवाल्या बाईंनी चहाचा घोट घेतला की तेही घेतात, कप कुठून आला देव जाणे. बाई सांगतात, प्राचीन ग्रीसमध्ये मल्ल अंगाला तेल चोळून वर धूळ लावायचे, आणि पाठ जमिनीला टेकली की तो डाव हरला. "तिकडं पण पाठच?" मामा मला विचारतात. "पाठच." "बघ की! गाव कुठलंबी असू दे, न्याय एकच." मग कुठल्या तरी परदेशी मैदानातला फुटबॉलचा निवेदक गोल झाल्यावर एका श्वासात ओरडायला लागतो आणि संपतच नाही. मामा उभे राहतात. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतात. तो ओरडायचा थांबतो तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं.

"छाती हाय गड्याची," ते म्हणतात. "ह्याला दूध कोण घालतं?"

मला इतका आनंद होतो की सांगता येत नाही. मामांना काही दाखवावं आणि त्यांनी तोंडात बोट घालावं, असं ते जिवंत असताना कधी घडलं नव्हतं. कारण कर्ण्यावरचे मामा वेगळे आणि घरातले वेगळे. घरात ते मुके. जेवताना मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचे. मी शाळेत पहिला आलो तेव्हा घरी त्यांनी नुसती मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन कुस्त्यांच्या मध्ये अख्ख्या मैदानाला सांगितलं. माझं कौतुक मला दहा हजार लोकांत उभं राहून ऐकावं लागलं, तेही लांबून.

"मलाबी बोलू दे की ह्यात," मामा म्हणतात.

शाळेचं दार उघडतं आणि आत वर्ग नाही. अंड्यांच्या ट्रेसारख्या भिंतींची एक लहानशी खोली आहे, मधे काच, टेबलावर माइक. टेबलाखाली चुंबळ ठेवलेली आहे, मी निमूटपणे तिच्यात तोंड घालतो. मामा खुर्चीवर बसतात, घसा साफ करतात आणि त्यांचं नेहमीचं सुरू होतं, "ऐका होऽऽऽ!" काच थरथरते. माइक मान टाकतो.

"मामा, हळू."

"किती हळू?"

"ऐकणारा एकटाच असतो. तो भांडी घासत असतो, नाहीतर गाडी चालवत असतो, नाहीतर माझ्यासारखा पालथा पडलेला असतो."

"एकटाच?" त्यांना हे पटत नाही. "मग टाळी कोण वाजवतं?"

"कुणी नाही."

"मग ह्या लोकांस्नी कसं कळतं, कुणी ऐकलं म्हणून?"

"नाही कळत. तरी पुढच्या आठवड्यात परत येऊन बोलतात."

मामा काचेकडे वळतात. काचेपलीकडे बातम्यांची मुलगी, शब्दांचे मित्र, चहावाल्या बाई, सगळे आपापल्या खोलीत एकेकटे बोलत बसलेले दिसतात. समोर कुणीही नाही.

"लई धीराची माणसं," मामा म्हणतात. मग माइककडे न बघता माझ्याकडे वाकून म्हणतात, "मला ते जमलं न्हाई बघ, जनबा. दहा हजार असले की मला कशाचं भ्या नसायचं. फुडं एकच माणूस बसला, की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि घरातलं माणूस असलं तर इचारूच नगंस."

मला हसू येतं. "आत्ता बोललात की," मी म्हणतो.

"आं? व्हय की रं!"

तेवढ्यात माझ्या पाठीवर कुणीतरी बसतं.

चांगलंच जड आहे. खाली पुन्हा लाल माती, चारी बाजूंनी माणसं, हलगी कडाडतेय. माझ्या खांद्याखाली एक जाड हात सरकतो आणि मला उलटवायला लागतो. मी धडपडतो. कोण आहे ते बघायला मानही वळवता येत नाही.

"मामा! कोण आहे हा?"

मामा कर्णा शोधत नाहीत. ते माझ्याशेजारी मातीवर आडवे होतात, गाल जमिनीला टेकवतात आणि माझ्या कानाशी तोंड आणतात. त्यांच्या तोंडाला पानतंबाखूचा वास आहे.

"असं?" ते विचारतात. "एवढं हळू चालंल?"

"आणखी थोडं हळू."

"हां. तर ऐक." आणि ते कुजबुजत निवेदन करायला लागतात. "तुझ्या पाठीवर बसलाय तो जनबाच हाय. उताणा जनबा. घोरणारा. जुना पैलवान, एकबी रात हरलेला न्हाई. त्यानं कब्जा घेतलाय. भिऊ नगंस. पालथं पडलं म्हंजे हरलं न्हाई. पाठ लागल्याशिवाय कुस्ती हुत न्हाई, हे सगळ्या जगात हाय, आत्ताच त्या बाईनी सांगितलं. छाती मातीला लाव. पाय फाकव. हां, अस्सं."

उताणा जनबा मला चीत करायला घिस्सा डाव मारतो. माझा उजवा खांदा जमिनीपासून सुटतो. डोळ्याच्या कडेला आकाश दिसायला लागतं, निळं, थंडगार. काय सुख आहे त्यात, वाटतं, एकदाच पाठ टेकावी. मान मोकळी करावी. किती दिवस झाले.

"आस्मान बघू नगं," मामा कानात म्हणतात. "बरं वाटतंय, मला म्हाईत हाय. बघू नगं. अजून लई वाचायचंय तुला. लोकांच्या चुका कोण काढणार? माती धर."

"हाताला लागत नाही, मामा."

"लागती. बोटं रुतव. आपली हाय ती. धर!"

मी बोटं रुतवतो. माती मऊ आहे, ती येते मुठीत, मी आवळतो, खांदा खाली ओढतो, सगळं अंग खाली ओढतो. पाठीवरचं ओझं एकदा घसरतं, पुन्हा चढतं, पुन्हा उचलतं. हलगी घाईला येते. मैदान ओरडतंय, पण मला ते लांबून ऐकू येतं. जवळून ऐकू येतो फक्त एक आवाज, ज्याने आयुष्यात कधी कुणाच्या कानात काही सांगितलं नव्हतं. "ऱ्हा. ऱ्हा. सोडू नगं. मी हाय हितं." खांदा जमिनीला लागतो. छाती लागते. ओझं निघून जातं.

"शाबास, जनबा," मामा म्हणतात, इतकं हळू, की मैदानातल्या कुणालाच ऐकू जात नाही.

"मामा, तुमचा कार्यक्रम राहिला."

"झाला की," ते म्हणतात.

"अहो! अहो, सोडा ते!"

फरशी. तिचा सांधा. चुंबळीत माझं तोंड, घामाने ओलं. शैलजाचे पाय शेजारी उभे आहेत आणि तिचा आवाज चढलाय.

"काय केलासा हे?"

"मी उलटलो का?" मी आधी ते विचारतो. "शैला, खरं सांग. पाठ लागली का?"

"कुठली पाठ? मी मघाधरनं हितंच बसलोय. दोनदा उलटायला आलासा. माझ्या काळजाचं पाणी झालं. हात लावायला वाकलो, तर मी हात लावायच्या आत परत पालथे! झोपेत हसत काय हुतासा, बडबडत काय हुतासा. आणि ही गादी बघा की, नवी गादी!"

मला दिसत नाही. मी उजवा हात चाचपडत चेहऱ्याखाली आणतो. गादीची शिवण वीतभर उसवलेली आहे आणि माझी मूठ कापसाने गच्च भरलीय. शैलजा कापूस काढून घ्यायला बघते, पण मूठ काही सुटत नाही. शेवटी ती खाली बसते आणि माझं एकेक बोट सोडवायला लागते.