पंच म्हणून

सरकारी नोकरीत पंच म्हणूनही जावं लागतं, हे मला नोकरी लागताना कोणी सांगितलं नव्हतं. उमरखेडच्या तहसीलमध्ये मी कारकून. एका दुपारी ठाण्यातून निरोप आला, ढाणकीच्या रस्त्यावर गाडी धरलीय, दोन पंच पाहिजेत, त्यात एक बाई हवी. त्या दिवशी ऑफिसात बाई म्हणजे मी एकटीच. शिपायाला सोबत घेतलं आणि जेवण तसंच सोडून जीपमध्ये बसले.

नाकाबंदी नेहमीचीच होती. एका पांढऱ्या गाडीच्या माणसाने पट्टा लावला नव्हता म्हणून हवालदाराने हात केला. चलान करून सोडूनच देणार होतो, असं त्यानेच मला नंतर सांगितलं. पण कागद देताना काच पुरती खाली झाली तसा आतून गांजाचा वास आला. हवालदाराने किल्ली काढून घेतली आणि ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला.

आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस रस्त्याकडेला उभा होता. पस्तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मागच्या सीटवर त्याची आई बसली होती. डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. नांदेडला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दोघं दिग्रसकडच्या आपल्या गावी परत चालले होते. येताना मुलाने वाट वाकडी करून एका ठिकाणी गाडी थांबवली होती. मित्राकडे काम आहे म्हणाला, तिने जास्त विचारलं नाही.

आमच्यासमोर डिकी उघडली. चादरीखाली खाकी टेप गुंडाळलेली पाकिटं होती. वजन करायला ढाणकीहून एका धान्य दुकानदाराला काट्यासकट आणलं होतं. त्याची दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यामुळे तो सारखा वैतागत होता. एकेक पाकीट काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, लाखेचं सील, मग आमच्या सह्या. ऊन डोक्यावरून कलून गेलं तरी ते चाललंच होतं. माझ्या हाताला गांजाचा वास बसला होता.

शेवटी महिला पोलिसाने आईची पिशवी मागितली. पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट बांधलेलं होतं. पोलीस बाईने ब्लेड काढलं.

"कायले कापता, बाई? मी सोडून देते ना," आई म्हणाली.

चष्म्याआडून तिला धड दिसत नव्हतं. बोटांनी चाचपत तिने गाठ सोडली आणि पिशवी स्वतःच पुढे केली. आत लुगडं, भाकरीचं फडकं, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली आणि सगळ्यात खाली तसंच एक खाकी पाकीट. तिने ते हाताने दाबून पाहिलं.

"हे काय व्हय? माह्यं नाही हे," ती म्हणाली. मग मुलाच्या दिशेने तोंड करून तिने पुन्हा तेच विचारलं. तो रस्त्याकडे बघत राहिला.

दोघांनाही अटक झाली. ती रडली नाही, फक्त औषध दिवसातून चारदा टाकायचंय, ते आता कोण टाकील, असं मला विचारत राहिली. पिशवी मुद्देमालात जमा होणार होती. मी साहेबांना विनंती केली, त्यांनी बाटली तेवढी बाहेर काढून महिला पोलिसाच्या हातात दिली.

त्यानंतर पुसदच्या कोर्टाचे समन्स येत राहिले. रजा टाकायची, एसटीने जायचं, बाकावर बसायचं. कधी वकील नाही, कधी साक्षीदार नाही, तारीख पुढे. आई जामिनावर सुटली होती. त्याच व्हरांड्यात दुसऱ्या टोकाला बसायची. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

माझी साक्ष झाली तेव्हा सरकारी वकिलांनी विचारलं, पिशवी कुणाजवळ होती? मी म्हणाले, बाईंच्या मांडीवर. खरं तेच होतं. मग आरोपीच्या वकिलांनी विचारलं, पिशवी उघडताना बाईंनी विरोध केला का? मी सांगितलं, नाही, ब्लेड लावायची वेळच आली नाही, गाठ त्यांनीच सोडली, पाकीट निघालं तेव्हा हे काय आहे म्हणून मुलालाच विचारलं. पंचनाम्यात हे एका ओळीनेही आलं नव्हतं. न्यायाधीशांनी मला परत सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

निकालात आई सुटली आणि मुलाला शिक्षा झाली.

निकाल ऐकायला मीही गेले होते. परतताना पुसदच्या स्टँडवर ती माझ्या शेजारी येऊन बसली. आता चष्मा साधा होता. मला वाटलं, आभार मानेल, आणि ते ऐकायची माझ्यात अजिबात ताकद नव्हती.

ती म्हणाली, "तुमी सांगतलं म्हणून मी सुटली. पण माह्या तोंडून ते निघालं नसतं तं त्याच्यावर एवढं आलं नसतं. त्याच्याकडं पाहून इचारलं ना मी."

मी म्हणाले, डिकीत माल होताच, तुमच्या बोलण्याने काही बदललं नसतं. तिने मान हलवली, पण पटलं असं दिसलं नाही. मग तिने अमरावतीच्या जेलला कसं जायचं ते विचारलं. यवतमाळला गाडी बदला, असं मी सांगितलं. घरचं काही खायला नेऊ देतात का, हेही तिने विचारलं. ते मला माहीत नव्हतं.

दिग्रसची गाडी लागली. तिला हात देऊन चढवलं, खिडकीजवळ जागा मिळाली. उमरखेडच्या गाडीचा पत्ता नव्हता. चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारायचाही कंटाळा आला होता, म्हणून मी बाकावर बसूनच राहिले.