आईंची पात

घरामागच्या वाफ्यात निशिगंध, लिली, शेवंती, मोगरा अशी वर्षानुवर्षं टिकणारी झाडं आहेत. त्याहून चिवट म्हणजे लव्हाळा. फुलझाडांना मी खतपाणी घालते, तरी ती रुसतात. लव्हाळ्याला शिव्या घालते आणि तो फोफावतो.

निंदण्याचं काम सासूबाईंचं. धाड गावाकडच्या शेतात त्यांनी उभा जन्म गवत काढलं. तिथं बायका ओळीनं बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. आईंची पात सगळ्यांत आधी सरायची, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढे दर आठवड्याला कळत राहिलं. घरच्या वाफ्यातही त्या मला अर्धा भाग नेमून देत आणि माझ्याकडून राहिलेली काडी दोन बोटांत धरून दाखवत. "मास्तरीणबाई, हे काय राह्यलं?" मी शाळेत विज्ञान शिकवते.

यंदा मृगाच्या आधी मी या अपमानाचा शास्त्रीय बंदोबस्त केला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून झाडांच्या मधे पुठ्ठे अंथरले आणि वर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्शाचा, जाड थर दिला. पाऊस लागला, पण गवत काही उगवेना. "आई, आता तुमच्या गुडघ्यांना आराम," मी जाहीर केलं, आणि शेजारणींना वाफा दाखवत सुटले.

आईंनी खरोखरच आराम केला. सकाळी उठेनात, जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. खुरपं खिडकीत गंजलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही. मी टॉनिक आणलं.

एका रविवारी सकाळी त्या अंथरुणात दिसल्या नाहीत. वाफ्याच्या टोकाला होत्या. तिथलं कुटार बाजूला सारलेलं, पुठ्ठा दुमडलेला, आणि हातभर उघड्या मातीत लव्हाळा तरारून उभा. आई तांब्यानं त्याला पाणी घालत होत्या.

"आई, गवताला पाणी?"

"वाढू दे जरासं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "चिमटीत यायले पायजे. माही पात आहे ते."

मला फार लाज वाटली. गवताबरोबर मी आईंचं कामही उपटून टाकलं होतं, आणि वर चमच्यानं टॉनिक पाजत होते. मी पलीकडचे पुठ्ठे ओढून काढले.

तीन आठवड्यांत माझ्या वाट्याचा लव्हाळाही झकास आला. आम्ही दोघी खुरपी घेऊन बसलो. आईंची पात आधी सरली. मग त्यांनी माझ्या बाजूला वाकून एक काडी उचलली.

"मास्तरीणबाई, हे काय राह्यलं?"

त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवली होती, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ती खरंच राहिली होती.