दुखवून बघायची तपासणी

“तुमच्या गावाकडे बैल बसला की शेपटी पिरगळतात ना, डॉक्टर? तसं करा. गोंजारताय काय?”

सर हे हसत म्हणाले. न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत सकाळचा राउंड चालला होता. पोस्टिंगला आलेली विद्यार्थ्यांची बॅच कॉटभोवती उभी होती. पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. मी त्यांचा शिक्षक. पन्नाशीला टेकलेला. सर आमच्या विभागाचे प्रमुख, माझ्याहून बरेच लहान. त्यांचे वडील सर्जन, आजोबा कॉलेजच्या संस्थेत विश्वस्त.

कॉटवर एक पोरगा होता. वाळूजच्या कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली करून राहणारा. मोटारसायकलवरून पडला, डोक्यात रक्त साचलं, ते आम्ही ऑपरेशन करून काढलं. पण शुद्ध आली नव्हती. अशा पेशंटची शुद्ध किती आहे ते रोज मोजतात. आधी हाक मारायची. हाकेला ओ दिली नाही तर दुखवायचं. बोटाच्या नखावर पेन आडवं ठेवून दाबायचं आणि बघायचं, हात ओढून घेतो का. ओढला तर चांगलं लक्षण.

मी हळू दाबत होतो, कारण कॉटच्या डाव्या बाजूला त्याची माय उभी होती.

पोरं हसली आणि मी दाबलं. जोरात. तपासणीला लागतं त्याहून जास्त. दाबताना मला कळत होतं की हे जास्त आहे. राग सरांवरचा होता. निघाला त्या पोराच्या नखावर.

त्यानं हात ओढून घेतला.

“हालला,” माय म्हणाली. “मह्या लेकराचा हात हालला.” आणि खाली वाकून तिनं माझ्या पायाला हात लावला. सर तोवर पुढच्या कॉटकडे गेले होते.

मी सिल्लोड तालुक्यातला. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. जनरल सर्जरीचं एम.एस. झालं, मेंदूच्या शस्त्रक्रियेची पुढची पदवी राहून गेली. काही वर्षांपूर्वी या विभागात वर्षावर्षाच्या करारावर लेक्चरर म्हणून लागलो, त्या दिवशी सरांनी पहिला प्रश्न विचारला होता, एम.बी.बी.एस.ला कोणत्या कॅटेगरीतून लागला होतात. मी सांगितलं. ते “अच्छा” म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दाखाली मी आजवर काम केलं. माझ्या तोंडून बोलता बोलता ‘नाय’ निघालं की सर विद्यार्थ्यांसमोर माझी नक्कल करायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. आपणच हसलो की कमी लागतं, असं मला वाटायचं.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी मीच सगळं समजावून सांगतो. या पोस्टिंगमध्ये काय होईल. पहाटे उठावं लागेल. खाऊन या, ऑपरेशन कधी संपेल ते कुणालाच माहीत नसतं. थिएटरात कोपऱ्यात उभं राहा, हिरव्या कपड्याला हात लावू नका. खिशात टॉर्च ठेवा, बुबुळं बघायला शिका. स्कॅन वाचायला शिका. आणि दाराबाहेर बसलेल्या माणसांना ‘सांगता येत नाही’ हे नीट सांगायला शिका, सगळ्यात अवघड तेच आहे. पोरं लिहून घेतात.

एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. इथं तुमचा अपमान होईल. आणि तो गिळता आला नाही की तुम्ही तो अशा माणसावर काढाल, ज्याला ओरडताही येत नाही.

त्या पोराचा हात चांगला हलत होता, म्हणून तो बॅचमध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेला हीच तपासणी येते. पोरं राउंड संपला की एकेक करून त्याच्या कॉटकडं जायची. मीच पाठवायचो. करून बघा, हात बसला पाहिजे, असं सांगायचो. विद्यार्थी नेहमी पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहतात, तसंच शिकवलेलं असतं. त्यामुळं ती सगळी दाबादाबी उजव्या हातावर झाली.

भेटीची वेळ सकाळचीच, त्यामुळं माय हे सगळं बघायची. डॉक्टर येतात, नख दाबतात, लेकरू हात हलवतं. तिनं जे पाहिलं त्यावरून तिनं जे ठरवलं, ते कुणीही ठरवलं असतं. हाच इलाज आहे. जितकं दाबू तितकं लवकर जागं होईल. मग तीही दाबायला लागली. तिच्याकडं पेन नव्हतं. बजाजनगरातल्या खोलीच्या कुलपाची किल्ली होती.

एका राउंडला सरांनी चादर बाजूला केली. दोन्ही हातांची नखं काळी पडलेली. हे कुणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं. मायनं मान वर करून सांगितलं, “म्या केलं, सायेब. डाक्टर करतेत तसंच. लई हालवतो आता.” तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

सरांनी तिच्याकडं पाठ केली. ते विद्यार्थ्यांकडं वळले. “बघून घ्या. हा आपला नातेवाईक वर्ग. यांच्यापासून पेशंटला वाचवायचं, हेही शिकायचं असतं.” आणि दारावरच्या वॉचमनला सांगितलं, उद्यापासून ही बाई आत येता कामा नये.

मायनं माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत तिच्या बोलीत बोलणारा मी एकटाच होतो. मी मॉनिटरकडं बघत राहिलो.

त्यानंतर ती लिफ्टजवळच्या बाकावर बसायची. मी बाहेर आलो की उठून उभी राहायची.

“बाबा, मला तर सोडत नाहीत. तुम्ही तरी दाबता ना रोज? जोरात दाबा. तुम्ही आपल्याकडलेच हायेत.”

मी म्हणायचो, “दाबलं, माय. हालला हात.”

तिथंच एका वाक्यात सांगता आलं असतं. तो इलाज नव्हता, ती तपासणी होती. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. ती नखं आधी कुणी काळी केली ते. मला राउंडला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं. रोज उशीर होत होता.

मग बॅचमधल्या एका मुलीनं वॉर्डातच, सगळ्यांसमोर मला विचारलं, “सर, त्या आई जे करत होत्या, तेच आपण करतो ना?”

मी म्हणालो, “फारच हळवी दिसतेस गं. स्किनला जा. तिथं मलम लावायचं असतं.”

पोरं हसली. अगदी तशीच, त्या सकाळी हसली होती तशी. मुलीनं मान खाली घातली आणि तीही हसली. त्यांच्याबरोबर. कमी लागावं म्हणून.

ते हसू मी ओळखलं. ते माझं होतं. आणि मी बोललो तो आवाज सरांचा होता. घरी गेलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं. काय सांगणार? माझा अपमान झाला, हे तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं. मी कुणाचा केला, हे कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राउंड त्या कॉटपाशी आला. सर म्हणाले, “हं, डॉक्टर. दाखवा यांना.”

“नाय दाखवणार, सर.”

“नाय?” सरांनी सवयीनं नक्कल केली. एक-दोघं हसली. मी हसलो नाही.

“आजची तपासणी सकाळी झालीय. शीटवर लिहिलंय. आता परत दुखवायचं काही कारण नाय. आणि ही नखं एकट्या मायनं काळी नाय केली. ती डावीकडं उभी राहायची. उजवा हात बघा, जास्त काळा आहे. तो आम्ही केला. पहिल्यांदा मी केला, तुम्ही बैलाचं बोलला तेव्हा.”

सरांचा चेहरा बदलला नाही, फक्त आवाज खाली आला. “राउंड संपला की केबिनमध्ये या.”

मी राउंड संपायची वाट पाहिली नाही. बाहेर गेलो. माय बाकावरून उठली. तिला म्हणालो, चल आत. वॉचमन आडवा आला, त्याला सांगितलं, माझ्या जबाबदारीवर. पण दारात मी थांबलो. आत जायच्या आधी तिला सगळं सांगितलं. ते औषध नव्हतं. त्यानं माणूस जागा होत नाही. हात हलतो, कारण त्याला दुखतं. आणि मी रोज दाबलं म्हणायचो, ते इलाज केल्यासारखं सांगणं खोटं होतं.

ती ऐकत होती. नंतर म्हणाली, “मंग म्या लेकराला उगंच दुखवलं?”

मी मान डोलावली.

“त्याला दुखायचं, आन म्या हासायची,” ती म्हणाली. “तुम्हाला ठावं व्हतं. आदी का नाय सांगितलं?”

ती आत गेली. कॉटपाशी उभी राहिली. मला वाटलं होतं, आता ती त्याचा हात हातात घेईल. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. लेकराला शिवायची तिला भीती वाटत होती. ती भीती मी तिला दिलीय. सरांनी नाही. वॉचमननं नाही.

पोरगा अजून शुद्धीवर नाही. येईल का, सांगता येत नाही.

केबिनमध्ये सरांनी मला बसायला सांगितलं नाही. विद्यार्थ्यांसमोर विभागाची बदनामी केल्याबद्दल लेखी माफी हवी, सोमवारच्या आत, नाहीतर पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही. मी म्हणालो, लिहिणार नाय. ते म्हणाले, विचार करा, या वयात कुठं जाल? मी विचार केलाय. कुठं जाईन ते माहीत नाही. लिहिणार नाही.

सोमवारी नवी बॅच येतेय. त्यांना मी आधी दाराबाहेर, नातेवाइकांच्या बाकापाशी उभं करणार. पेशंटला दुखवून का बघतात ते तिथं बसलेल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगता आलं, तरच आत सोडणार. गरज नसताना कुणी नखाला पेन लावलं तर ते मी काढून घेणार, मग ते सरांचं असलं तरी. आणि त्याच बॅचसमोर मी त्या मायची माफी मागणार आहे. ती देईल असं मी धरून चाललो नाही. नाही दिली तर तेही पोरांना ऐकू जाऊ दे.