हार घातलेला गोलकीपर

बसा, चहा घ्या. पण एक अट आहे. ही फजिती ऐकून कोणी हसलं तर बिस्किटांची प्लेट उचलून आत नेईन, आधीच सांगून ठेवतो. तुम्हाला गंमत वाटेल हो, पण माझी त्या दिवशी बोबडी वळली होती!

मी धनंजय. मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम ऑस्ट्रेलियातलं गिरावीन. पॅरामॅटाला एका युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, आयटीत नोकरी करतो. इथे मला सगळे डीजे म्हणतात, कारण 'धनंजय' म्हणताना ऑस्ट्रेलियन माणसाची जीभ मध्येच अडखळून पडते.

एकदा जॉश नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आला. चेहरा असा पडलेला, की मला वाटलं असाइनमेंट उडाली. तर हा युनिच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, आणि शनिवारी नऊ-शून्य हरून आलेला.

"फुटबॉल?" मी खुर्चीत सरळ बसलो. "अरे मेट, मी कोल्हापूरचा! आमच्याकडे पेठेपेठेत टीम असते. मॅच असली की अर्धं गाव मैदानावर. मी स्वतः तालमीकडून मैदानात होतो!"

आता 'मैदानात होतो' म्हणजे नेमकं काय, ते राहू दे. नंतर बघू.

पुढच्या आठवड्यात मी त्या टीमचा रिक्रूटर झालो. पगार नाही, फक्त टोपी मिळाली. पण खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा फुटबॉलमध्ये मला कोणीतरी विचारत होतं. ती टोपी घालून मी घरातसुद्धा फिरायचो. बायको पल्लवी म्हणायची, "अंघोळीला तरी काढ."

काम सोपं नव्हतं. टीम इतकी हरत होती, की स्पोर्ट्स ऑफिसच्या बाईंनी बजावलं: सोमवारी बारा वाजेपर्यंत पुढच्या सीझनसाठी अकरा जणांची यादी द्या, त्यात गोलकीपर पाहिजेच. नाहीतर टीम बंद. म्हणून पुढच्या वर्षी युनिला येणारी बारावीची पोरं गाठायची आणि त्यांच्या आईवडिलांची सही आणायची, हे माझं काम. मी पाच शाळा पालथ्या घातल्या. जुनी-नवी धरून दहा पोरं जमली. गोलकीपर काही मिळेना. आणि आमच्या हातात उरला होता एकच शनिवार.

त्या शनिवारी सकाळी एका शाळेच्या मॅचला गेलो. इथली ऑगस्टची थंडी, आणि धुकं असं, की स्वतःचा हात लांब केला तर परत मिळेल याची खात्री नाही! मैदान आहे की नाही तेही कळेना. पोरांचे आवाज यायचे, पोरं दिसायची नाहीत. मधूनच बॉल धपकन बाहेर यायचा, आपला आपण, आणि पुन्हा आत जायचा.

मी गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथे आवाजसुद्धा नव्हता. धुक्यात एक उंच आकृती, हलत नाही, बोलत नाही. बॉल आला की दोन मोठे हात बाहेर यायचे, बॉल गडप. पुन्हा शांतता. तीन शॉट आले, तिन्ही असे गिळले त्याने. एरवी गोलकीपर म्हणजे आरडाओरडा करणारा प्राणी. हा चकार शब्द बोलत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने आला, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

आणि एक गोष्ट नजरेतून सुटली नाही. त्याचे गुडघ्यांखाली पाय दिसत नव्हते.

मॅच संपल्यावर त्याला गाठलं. नाव म्हणाला मलाकाय. हात मिळवला तर हात बर्फासारखा गार! मी युनिचं, टीमचं, सोमवारचं सगळं भडाभडा सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला. मग माझ्या फॉर्मच्या मागे पत्ता लिहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "संडे आर्वोला, म्हणजे दुपारी, घरी या. मम्मीला भेटा." मी पत्ता वाचून मान वर केली, तर समोर कोणी नाही. नुसतं धुकं.

घरी येऊन पल्लवीला सांगितलं तर ती म्हणाली, "पाय सरळ होते का उलटे, बघितलंस?"

"दिसलेच नाहीत गं!"

"मग रिकाम्या हाताने जाऊ नकोस," ती हसत म्हणाली. "पेढे ने."

रविवारी दुपारी दोघंही निघालो. टोपी, फॉर्म, पेन, आणि गिरावीनच्या मिठाईवाल्याकडचे अर्धा किलो केशरी पेढे. घर ब्लॅकटाउनच्या पलीकडे, एका गल्लीच्या अगदी टोकाला. गल्लीत चिटपाखरू नाही. ऊन होतं, पण ऊब नव्हती. एक कुत्रा आमच्याकडे बघून भुंकायला उठला आणि विचार बदलून परत बसला.

दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग होता. पंचवीस-तीस जोड असतील.

मी थबकलो. आपल्याकडे एखाद्या घराबाहेर एवढ्या चपला आणि आतून गडबड नाही, म्हणजे काय असतं, सांगा? लग्न तर नक्कीच नाही.

"धनू," पल्लवी कुजबुजली, "आत बघ."

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत जमिनीवर चटया. चटयांवर माणसं मांडी घालून बसलेली. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं, सगळे पांढऱ्या कपड्यांत! डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. हळू आवाजात सगळे मिळून काहीतरी गात होते. शब्द कळत नव्हते, पण सूर असा, की मी एक पाऊल मागे सरकलो.

आणि भिंतीपाशी टेबलावर मोठा फ्रेम केलेला फोटो. फोटोत मलाकाय. फोटोला ताज्या फुलांचा हार. पुढे एक मेणबत्ती जळत होती.

मी पल्लवीचा हात धरला.

"अगं," मी म्हटलं, "काल तर होता!"

"पेढे!" पल्लवी दातओठ खात म्हणाली. "ते पेढे लपव आधी!"

आता अशा घरात केशरी पेढे घेऊन उभं राहायचं? मी बॉक्स शर्टाच्या आत कोंबला. टोपी काढून खिशात घातली. पळून जावं म्हणून मागे वळलो, तर एक भलीमोठी बाई, पांढऱ्या झग्यात, डोळे ओले, दोन्ही हात पसरून समोर उभी!

"तुम्ही मलाकायसाठी आलात ना?"

मी मान हलवली. तिने मला असं कवटाळलं, की पेढ्यांचा बॉक्स कुरकुरला. मग हाताला धरून थेट फोटोसमोर नेलं. मी काय करणार? चार पिढ्यांचं वळण! हात जोडले, डोळे मिटले, मान खाली घातली. पल्लवीने डोक्यावर ओढणी घेतली. गाणं थांबलं. सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

मग आम्ही चटईवर बसलो. आता काहीतरी बोलायला हवं.

"फार लहान वय हो," मी म्हटलं.

"फक्त सतरा!" ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"देवाची इच्छा."

"आमेन!" अख्खं गॅरेज एका सुरात म्हणालं. मी बसल्या जागी उडालो.

"कधी... झालं?"

"गुरुवारी. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आम्हाला काही कल्पनाच नव्हती! मी तर जागेवरच रडायला लागले."

गुरुवारी!

तुम्ही हिशेब करा. गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मग शनिवारी सकाळी मी हात कोणाशी मिळवला? तो गार हात! ते नसलेले पाय! तो मुलगा मला म्हणाला होता, मम्मीला भेटा. म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलं होतं त्याचं. पल्लवीने माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला, की तो वळ चार दिवस होता.

एवढ्यात एक पांढरे केसवाले आजोबा उठले. म्हणाले, "आमच्याकडे पाहुण्याने दोन शब्द बोलायची पद्धत आहे."

मी उठलो. कुठूनतरी जोर आला, म्हणजे खरंच आला. ही बाई, हा मुलगा, हे शनिवारचं धुकं, सगळं एकदम दाटून आलं आणि मी रडायला लागलो. म्हटलं, "मी फुटबॉल खूप बघितलाय. असा गोलकीपर बघितला नाही. आमच्या टीमला तो हवा होता. आता ते होणे नाही. पण आई, तुम्हाला एक सांगतो, विश्वास ठेवा अगर ठेवू नका. शनिवारी सकाळी मी त्याला बघितलंय. माझ्या डोळ्यांनी! तो अजून तिथे आहे. अजून गोल अडवतोय!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आणि तेवढ्यात, स्वयंपाकघराच्या दारातून, पांढरा शर्ट, घोट्यापर्यंत पांढरी लुंगी, अनवाणी, पावलांचा जराही आवाज न करता, हातात चहाचा ट्रे घेऊन मलाकाय आला. सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"टी, डीजे?"

मी ओरडलो. कसा ओरडलो, ते पल्लवीला विचारा. ती म्हणते शिट्टी आणि म्हैस यांच्या मधला काहीतरी आवाज होता. शर्टातून पेढे उडाले. मी मागे टेबलावर कोसळलो, मेणबत्ती विझली, फोटो माझ्या मांडीवर आणि हार माझ्या गळ्यात! आणि त्या अवस्थेतही मी काय केलं असेल? वाकून त्याचे पाय बघितले.

सरळ होते. नखंसुद्धा कापलेली.

मग खुलासा झाला, आणि तो पल्लवीने मागितला, कारण मला बोलता येत नव्हतं. कुटुंब मूळचं सामोआ बेटांवरचं. त्यांच्याकडे चर्चचा रविवार म्हणजे पांढरे कपडे, आणि नंतर सगळ्या गोतावळ्याने एकत्र जेवण. आणि हार? हार आनंदाचा! गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये मलाकायला वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस मिळालं होतं, म्हणून आईने फोटोला हार घातला होता. मेणबत्ती जेवणातल्या माशांचा वास जावा म्हणून. शनिवारी हात गार, कारण बोटांना बर्फ लावून बसला होता. आणि बोलत नाही, कारण पोरगा लाजाळू आहे!

"म्हणजे तुमच्याकडे," मलाकायने सावकाश विचारलं, "हार घातलेला फोटो म्हणजे..."

मी मान हलवली.

आधी त्याची आई हसायला लागली. मग आजोबा. मग अख्खं गॅरेज चटईवर आडवं! ती बाई हसता हसता रडायला लागली, डोळे पुसून म्हणाली, "माझ्या मुलाला घ्यायला आणखी दोन युनिची माणसं आली होती. दोघांनी टी-शर्ट दिला. माझ्या मुलासाठी रडलं कोणीच नव्हतं." आणि फॉर्मवर सही केली. पेढे सगळ्यांनी चटईवरून वेचून खाल्ले.

सोमवारी पावणेबाराला यादी दिली. टीम वाचली! जॉशने मला उचलून दोन गिरक्या घेतल्या. बुधवारी त्याने क्लबरूमच्या भिंतीवर माझा टोपीवाला मोठा फोटो लावला, आणि मलाकायच्या आईने पाठवलेला ताजा हार त्यावर चढवला.

मला भरून आलं. फोटोचा फोटो काढला आणि थेट कोल्हापूरला, तालमीच्या ग्रुपवर टाकला. बघा म्हटलं, तुमचा धन्या कुठे पोचला! वर काही लिहिलं नाही. फोन सायलेंट केला, काम उरकलं, घरी जाऊन लवकर झोपलो.

कळलं ना? नाही, मला नाही कळलं! तीन दिवसांपूर्वी अख्ख्या सामोआसमोर शोभा झाली होती, तरी नाही कळलं. आणि आपल्याकडे माणूस गेला की बातमी त्याच्याच फोनवरून घरचे टाकतात.

सकाळी उठलो तर एकशे बारा मिस्ड कॉल. आईचं त्यातल्या त्यात बरं झालं. तिने पल्लवीला फोन लावला, माझं घोरणं ऐकलं आणि "आहे गं बाई" म्हणून देवापुढे साखर ठेवली. पण तालमीत कोण सांगणार? तिथे गणपतीची मीटिंग भरली होती. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग आमचे जुने कोच आप्पा बोलायला उठले, आणि कोणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

आप्पांचा आवाज भरून आला होता. "धन्या गेला," म्हणाले. "सहा वर्षं टीमबरोबर होता. मैदानात एक मिनिट उतरला नाही. पण हाफटाइमला लिंबं काय कापायचा पोरगा! बी म्हणून राहायची नाही."

पल्लवीने तो व्हिडिओ दोनदा बघितला. आणि शनिवारी मैदानावर जॉशला शब्दन् शब्द इंग्रजीत करून ऐकवला.

आता मी रिक्रूटर नाही. टोपी मलाकायच्या आईकडे गेली, ती एका दिवसात तीन पोरं आणते. मला टीममध्ये सगळे 'लेमन्स' म्हणतात. इथे हाफटाइमला लिंबं नाही, संत्री देतात, आणि दर शनिवारी ती कापायला मी असतो.

हसू नका. बी सापडली का कोणाला, ते टीमला विचारा.