लांबचं गवत

राई गावात सुयोग भोईरची ओळख ‘दशरथाचा पोरगा, तो गेमवाला’ अशी आहे. ही ओळख त्यानं स्वतः कमावलेली नाही. ती त्याच्या बापानं मासळीवालीपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून सांगून केली. पोरगा नेमकं काय करतो हे दशरथ भोईरांना कधीच कळलं नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. ‘परदेशातल्या लोकांना जमंना, ते माज्या पोरान केलान,’ एवढं सांगितलं की त्यांचं पोट भरायचं.

सुयोगचं ऑफिस हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीत. खाली स्टीलच्या डब्यांचा कारखाना, वरच्या गाळ्यात गेमचा स्टुडिओ. खाली पत्रा ठोकणारा प्रेस सुरू झाला की वर चहाच्या कपात लाटा उठायच्या. ताकदवान मशिनसाठी परदेशात बनलेले गेम हातात मावणाऱ्या, कमी ताकदीच्या कन्सोलवर चालते करायचे, हे तिथलं काम. लग्न ठरलं तेव्हा त्यानं सुरुचीला ते असं समजावलं होतं, ‘दोन बेडरूमचा संसार एका खोलीत बसवायचा. काय टाकून द्यायचं ते आपल्याला कळलं पाहिजे, आणि टाकून दिलंय हे पाहुण्याला कळता कामा नये.’ सुरुची हसली होती. पुढे तिनं खरोखरच दोन खोल्यांचा संसार सासरच्या एका खोलीत बसवला, पण ती गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी त्याच्याकडे आलेला गेम लढाईचा होता, पण धावत सुटून गोळ्या झाडायचा नव्हे. चौघांची एक तुकडी, समोर दुसऱ्या चौघांची. दबा धरायचा, आडोसा बघायचा, समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची. एक गोळी लागली की खेळ खलास. मोठ्या मशिनवर झकास चालणारा हा गेम छोट्या कन्सोलवर म्हाताऱ्यासारखा धापा टाकत होता. सुयोगनं भिंतींवरचे बारकावे काढले, ढग काढले, फुटलेल्या काचांचे तुकडे काढले. तरी चित्र अडखळतच होतं. तारीख जवळ आली तसा साहेबांचा आवाज चढायला लागला. तेव्हा सुयोगनं गवताला हात घातला.

खेळणाऱ्याच्या जवळ गवत तसंच ठेवलं, कंबरभर उंच, वाऱ्यावर डोलणारं. लांबचं गवत मात्र काढून टाकलं आणि तिथे नुसता हिरवा रंग फासला. लांबून कोण बघतोय गवत! गेम लोण्यासारखा चालायला लागला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

चार दिवसांनी टेस्टिंगला बसणाऱ्या अनुष्कानं त्याला हाक मारली. तिच्यापुढे दोन कन्सोल होते.

‘‘सर, हे बघा. ह्या कन्सोलवर माझा माणूस गवतात पोटावर पडलाय. मला वाटतंय मी लपलीय. आता दुसऱ्यावर बघा, लांबून.’’

दुसऱ्या पडद्यावर गवत नव्हतंच. सपाट हिरव्या जमिनीवर एक माणूस उघडा पडला होता, ताटात वाढल्यासारखा.

‘‘म्हणजे लपणारा मरणार सर. आणि कशानं मेलो ते त्याला कधीच कळणार नाही.’’

उपाय सुयोगला तिथल्या तिथे सुचला होता, हे महत्त्वाचं. चूक न कळता झाली असती तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती. जिथून गवत दिसत नाही तिथून गवतात पडलेला माणूसही दिसू द्यायचा नाही, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी कोण कुठे पडलाय याचा हिशेब मशिनला सतत ठेवावा लागणार. म्हणजे पुन्हा धाप लागणार, पुन्हा मांडामांड, पुन्हा साहेब. आणि थोपटलेली पाठ अजून गरम होती. ‘‘मी वर सांगतो,’’ तो अनुष्काला म्हणाला. तिनं कॉम्प्युटरवर नोंदवलेली तक्रार त्यानं उघडली, ‘हे असंच अपेक्षित आहे’ असं लिहिलं आणि बंद केली. वर कोणालाही सांगितलं नाही. अनुष्कानं पुन्हा विचारलं नाही. नवीन मुलगी, वरिष्ठाशी कशाला वाकडं घेईल?

गेम बाजारात आला. ‘एवढ्याशा कन्सोलवर एवढा गेम!’ अशी वाहवा झाली. सुयोग त्याच्या टीमचा मुख्य झाला. बापानं गावात पेढे वाटले.

त्यानंतर दोन महिन्यांत दशरथ भोईरांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, पण उजव्या हाताची बोटं आखडून बसली. उभी हयात मिठागरात आणि शेतात राबलेला माणूस. पोरं कमावती झाल्यावर खाडीच्या उघाडीपाशी, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, गळ टाकून बसणं हा त्यांचा एकच षोक उरला होता. जिताडा मासा लागेपर्यंत पापणीसुद्धा हलवायचे नाहीत. आता गळाची दोरीच बोटांत ठरेना. व्यायामासाठी घरी येणारी चांदणी रबरी चेंडू दाबायला देई. तिची पाठ वळली की चेंडू पलंगाखाली जाई.

‘‘बोटं हलली पाहिजेत काका, कशानं का हलेनात,’’ चांदणी एकदा वैतागून म्हणाली. तेव्हा सुयोगनंच तो गेम घातलेला आपला कन्सोल त्यांच्या हातात दिला. हे त्यानं मोठ्या प्रेमानं केलं होतं. माणूस खड्डा खणतो तेव्हा त्यात कोण पडणार याची यादी त्याच्याकडे नसते.

म्हातारबुवा गेमला असे चिकटले की जेवायला हाका माराव्या लागत. तळमजल्यावर भाड्यानं राहणारा, मोबाइलच्या दुकानात कामाला असणारा साहिल तोच गेम खेळायचा. त्यानं काकांना आपल्या तुकडीत घेतलं. धावपळ काकांच्या बोटांना जमत नव्हती, पण वाट बघणं? त्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. ‘‘मी झाडीत पडून ऱ्हातू,’’ त्यांनी साहिलला सांगितलं. ‘‘मासा कुठं जातोय? येल माज्याकडंच.’’

मासा आला नाही. दर डावात पहिला जीव काकांचाच जाऊ लागला.

सुयोगला हे एका शनिवारी दुपारी कळलं. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. कन्सोलवर त्यांचा माणूस गवतात पोटावर पडला होता, तसूभर न हलता. सगळीकडे गवत डोलत होतं. फट्कन आवाज झाला आणि पडदा लाल झाला.

‘‘कुठून मारलान रं ह्यानं?’’ बाबा म्हणाले. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. ‘‘हात हालला असंल माजा. बोट लागलं असंल कुठंतरी.’’

अनुष्काचं वाक्य सुयोगला शब्दन् शब्द आठवलं. ‘‘तसं नसेल बाबा,’’ एवढंच तो म्हणाला आणि आत जाऊन पाणी प्यायला. तिथंच सांगायला हवं होतं. पण ज्या माणसानं पेढे वाटले त्याला काय सांगायचं, की पेढे कशाचे होते?

खाई त्याला खवखवे म्हणतात. गॅलरीतून तो फट्कन आवाज आला की सुयोग उठून टीव्हीचा आवाज वाढवायचा. ‘‘ह्या वयात बोटं चालतायत हेच खूप आहे,’’ सुरुची म्हणायची, आणि तो मान डोलवायचा. आपण बापाच्या दुखण्याचं नाव पुढे करून स्वतःची चूक झाकतोय, हे त्याला नीट कळत होतं. कळूनही तो झाकत होता.

हळूहळू बाबांनी कन्सोल बाजूला ठेवला. मग चेंडूही नको म्हणाले. चहाचा कप डाव्या हातानं धरू लागले, आणि उजवा हात मांडीवर पालथा, कोणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

‘‘मला कळत नाहीये,’’ चांदणी एकदा जिन्यात सुयोगला म्हणाली. ‘‘हातात ताकद येत होती. थरथर तर राहिलीच नव्हती. आता ते म्हणतात, हात कामातनं गेला, मेहनत कशाला? मनानंच सोडलं ना तर हा हात कायमचा राहील असा. तुम्ही बोला त्यांच्याशी.’’

आता पळायला जागा उरली नाही. त्यानं ऑफिसातून दुसरा कन्सोल आणला, रविवारी सकाळी बाबांच्या समोर बसला आणि मध्ये स्टूल ओढून त्यावर दोन्ही पडदे शेजारी-शेजारी ठेवले. एकावर बाबांचा माणूस गवतात दडलेला. दुसऱ्यावर, लांबून, तोच माणूस उघड्या जमिनीवर.

बाबा वाकून एकदा ह्या पडद्यात, एकदा त्या पडद्यात बघत राहिले.

‘‘ह्यात गवत न्हाय.’’

‘‘नाही. मी काढलं. तुमचा हात हलत नव्हता बाबा, एकदाही नाही. ते तुम्हाला लांबून बघत होते.’’ मग त्यानं सगळं सांगितलं. साहेब, तारीख, पाठ थोपटणं, अनुष्का, बंद केलेली तक्रार. कुठेही पांघरूण घातलं नाही.

बाबांनी उजवा हात उचलला, उताणा केला, एकेक बोट मिटून उघडून पाहिलं. तोंडभर हसले. ‘‘म्हंजे हाताला कायबी झालं न्हाय माज्या!’’

‘‘काही नाही.’’

हसू थोडा वेळ टिकलं, मग विरलं. ‘‘तुज्या सायबाला ठावं हाय?’’

‘‘नाही. आता सांगावं लागेल. सांगितलं तर दुरुस्त होईल. पण मी लपवलं हेही कळेल.’’

‘‘मंग? काडतील तुला?’’

‘‘माहीत नाही. मुख्य तरी ठेवणार नाहीत.’’

बाबांनी गॅलरीबाहेर बघितलं. पूर्वी तिथून त्यांचं शेत दिसायचं, आता समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात. ‘‘गावभर बोललूय रं मी,’’ ते हळूच म्हणाले. रागावले असते तर सुयोगला बरं वाटलं असतं. ‘‘आख्ख्या गावाला सांगितलंय, माज्या पोरान केलान.’’ मग म्हणाले, ‘‘गप ऱ्हा. कोनाला काय सांगू नको.’’

‘‘बाबा, पण ते बरोबर नाही.’’

‘‘मना कलतंय बरोबर न्हाय ते.’’

एवढ्यात दाराची बेल वाजली. साहिल होता. पुढच्या आठवड्यात भाईंदरला गेमची स्पर्धा होती. त्यासाठी तुकडीत काकांच्या जागी दुकानातल्या एका मित्राला घ्यायचं ठरलं होतं, आणि ते काकांना तोंडावर सांगायला तो बिचारा वर आला होता. सांगताना त्याची मान खाली होती.

‘‘सॉरी काका, बुरा मत मानना. पण तुम्ही गवतात एवढे लपून बसता, तरी पहिले तुम्हालाच उडवतात. मला समजतच नाय, कसं दिसतं त्यांना? गेममध्येच काय लफडा आहे का, सुयोग भाई? नाय म्हणजे, तुम्ही तर एक नंबर बनवलाय. कुठे अटकत नाय, काय नाय.’’

त्यानं विचारलं होतं ते सुयोगला. उत्तर सुयोगनं द्यायचं होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

‘‘गेममधी काय न्हाय रं,’’ दशरथ भोईर म्हणाले. ‘‘माजा हात हालतो. म्हातारा जालू मी. तू घे त्या तुज्या मित्राला.’’

‘‘हात का?’’ साहिल म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ‘‘हां, मग बरोबर.’’

बाबांचा उजवा हात स्टुलावर, दोन कन्सोलांच्या मध्ये ठेवलेला होता. पाची बोटं मोकळी, सरळ, आणि दगडासारखी स्थिर. सुयोग त्या हाताकडे बघत उभा राहिला. साहिल जिना उतरून खाली गेला, आणि सुयोगनं दार लावून घेतलं.