वीतभर रिकामी जागा

रिकामं भांडं अनसूयाबाईंना पाहवत नसे. त्या लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हा नळाला रोज पाणी यायचं. मुलगी मृण्मयी शाळेत जायला लागली आणि ते दिवसाआड झालं. धाकट्या हिमांशूच्या दहावीच्या वर्षी तीन दिवसांआड. यजमान व्यंकटराव गेले त्या उन्हाळ्यात तर तेराव्याच्या स्वयंपाकालासुद्धा टँकर सांगावा लागला. मुकुंदवाडीच्या आसपास इमारती उगवत गेल्या आणि नळ आटत गेला. आता जायकवाडी धरण मृतसाठ्यावर आलेलं. पाणी आठवड्यातून एकदा, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. ते आलं की बादल्या, टप, पिंप, कुकरचं भांडं, देवघरातली पंचपात्रीसुद्धा काठोकाठ भरायची. एखादा तांब्या रिकामा राहिला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

अशा घरात सुनेनं समुद्र आणून ठेवला होता.

अश्लेषा वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सची इंजिनिअर. दिवसभर तिथले पंप सांभाळायची आणि घरी येऊनही पंपच सांभाळायची. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी चार फुटी काचेचा हौद होता, त्यात जांभळी-हिरवी प्रवाळं, केशरी मासे आणि मीठ कालवलेलं आरओचं पाणी. हौदाखालच्या कपाटात दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी एका पाइपानं या खालच्या टाकीत उतरायचं, तिथं गाळलं जायचं आणि पंप ते दुसऱ्या पाइपानं पुन्हा वर ढकलायचा. पाणी खळखळ न वाजता उतरावं म्हणून अश्लेषानं कितीतरी रविवार उतरत्या पाइपावरच्या कॉकशी झटापट करण्यात घालवले होते. कॉक केसभर फिरवायचा, कान लावून ऐकायचं, परत केसभर.

खालच्या मजल्यावरचे काकासाहेब सोसायटीचे अध्यक्ष. जिन्यात अनसूयाबाईंची गाठ पडली की म्हणायचे, "काय म्हणतोय ताई तुमचा समुद्र? इथं माणसाला आंघोळ नाय, अन् मासोळ्या पोहायल्यात." मग हसणं आवरून पुढचं वाक्य असायचं, "आमच्या हॉलचं नवं छत बघितलंच तुम्ही. एक थेंब पडला तर हौद घरात ठेवू देणार नाय, आधीच सांगून ठेवतो."

अनसूयाबाईंना माशांचं काही कौतुक नव्हतं. पण त्या तो हौद घरातल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त जपत. त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बिल्डिंगमधली मुलं एकेक करून पुण्याला चालली होती. "तिकडं निदान पाणी तरी आहे" असं म्हणून जायची आणि दिवाळीला पाहुण्यासारखी यायची. हिमांशूच्या बोलण्यातही पुणं अधूनमधून डोकावायला लागलं होतं. पण एवढा चार फुटी समुद्र, जिवंत दगड, ते पाइप घेऊन कोण कुठं जातंय? हौद आहे तोवर सून हलत नाही आणि सून आहे तोवर मुलगा हलत नाही. असा हिशोब बाईंनी मनाशी पक्का केला होता.

म्हणून अश्लेषाला ऑडिटसाठी चाकणला जावं लागलं तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "मी बघते तुझा हौद. काळजी करू नकोस."

निघण्याच्या घाईत अश्लेषानं दाखवलं. उन्हानं पाणी उडून जातं, ते खालच्या टाकीत कमी झालेलं दिसतं. तिथं ही खूण आहे. कॅनमधलं साधं आरओचं पाणी खुणेपर्यंत घालायचं. "जास्त नको, आई. आणि कॉकला हात लावू नका. तांब्याचं भांडं तर आत बुडवूच नका, तांबं उतरलं की प्रवाळ मरतं."

तांब्याचं आणि कॉकचं बाईंनी नीट ऐकलं. पण 'जास्त नको' हे या शहरात सगळेच म्हणतात. पाहुण्याला प्यायला पाणी विचारलं की तो अर्धाच पेला मागतो. सून भिडेनं म्हणते आहे, सासूच्या घरचं पाणी आपल्या माशांवर किती खर्चायचं म्हणून, असंच त्यांनी धरलं. टाकीत वरून वीतभर रिकामी काच दिसत होती. ती त्यांना दोन दिवस टोचत राहिली. नळाला पाणी आलं त्या सकाळी त्यांनी घरातलं सगळं भरलं, आरओचे कॅन भरले आणि शेवटी खालची टाकीही काठोकाठ भरली. आपल्याकडे कुणाला कमी पडू दिलं नाही, मग सुनेच्या माशांना का?

दुपारी लाइट गेली. पंपाची घरघर थांबली. नेहमीसारखा वरून पाणी उतरण्याचा सळसळता आवाज आला, आणि बाई ताटातली उसळ संपवत बसल्या. मग टप असा आवाज झाला. परत टप. मग आवाजच नाही, नुसती सलग ओली धार.

कपाटाचं दार उघडलं तर टाकीचं पाणी काठावरून गुपचूप घसरत होतं. वरच्या हौदाचं पाणी दोन्ही पाइपांनी खाली येत होतं आणि खाली त्याला जागाच नव्हती. ती रिकामी वीत कशासाठी होती, ते बाईंना त्या क्षणी कळलं. या फरशीच्या खाली काकासाहेबांचं छत.

त्यांनी पलंगावरची गोधडी ओढून दाराशी आडवी टाकली. अश्लेषाला फोन लावला, तो बंद. फोन गेटवरच जमा करायला लागतात, ती म्हणाली होती. हिमांशू उचलेना. मग टाकीतून मगानं पाणी उपसायला घेतलं. भरलेला मग हातात धरून त्या न्हाणीघराकडे धावल्या आणि तिथंच थबकल्या. ओतायचं कशात? घरात एकही भांडं रिकामं नव्हतं. ते काम त्यांनीच सकाळी चोख केलं होतं. अर्धी होती ती फक्त पिण्याच्या पाण्याची तांब्याची घागर. हातातला मग तिच्याकडे वळलाही होता, तो त्यांनी मागं घेतला. टाकलं मोरीत तर हौदाचं पाणी जाणार, ते पुन्हा कुठून आणायचं?

बाईंनी डोळे मिटले आणि पहिली भरलेली बादली मोरीत पालथी केली. स्वच्छ, आज सकाळचं पाणी. आयुष्यात असं पाप त्यांनी केलं नव्हतं. ती हौदाच्या पाण्यानं भरली, मग दुसरी बादली. मग टप.

दारावर थाप पडली. काकासाहेबांची बायको, आशाबाई.

"ताई, पाइपात धो धो वाजायलंय. नळ उघडा राहिला का काय?" असं म्हणत त्या आत आल्या आणि गोधडी, मग, पालथी बादली, सगळं एका नजरेत बघितलं. "आगं बाई. समुद्र फुटला व्हय?"

"आशाबाई, काकासाहेबांना..."

"ते झोपल्यात. छतावर डाग पडल्याबिगर उठायचे नाय." आशाबाई तिसऱ्या बादलीला हात घालून म्हणाल्या, "पर चांगलं पाणी काय म्हणून सांडायलाव? थांबा." त्या खाली गेल्या, दोन रिकामे टप घेऊन आल्या, आणि परत जाताना बाईंची भरलेली बादली हातात. "हे आमच्यात ठिवते. गेलं तर आपल्याच बिल्डिंगीत गेलं."

दोघींनी मिळून उपसलं. तरीही खालची पातळी उतरेना. अनसूयाबाईंचं लक्ष वर गेलं. पंपाच्या पाइपाचं तोंड हौदात बुडालेलं होतं आणि बंद पंपातून त्याच वाटेनं पाणी उलटं ओढलं जात होतं. पिंपातलं पाणी रबरी नळीनं बादलीत काढत त्यांचं आयुष्य गेलं होतं. नळीचं तोंड पाण्याबाहेर काढलं की धार तुटते. त्यांनी स्टूल घेतलं, हात घातला आणि पाइपाच्या तोंडाची वळणारी तोटी वर वाकवली. पाइपानं गुरगुर करून हवा ओढली. खाली धार बारीक झाली, थांबली.

आशाबाई गोधडी पिळत बसल्या होत्या. "एवढा जीव काढायलाव मासोळ्यांपाई?"

"माशांपायी नाही हो." आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बाईंच्या तोंडून निघून गेलं. "हा हौद गेला तर पोरं पुण्याला जातील."

आशाबाईंनी पीळ सोडला नाही. "आमच्या पोरानं, सत्यमनं, घर बांधायला काढलं होतं इथं. पाया घातला, भिंती उठवल्या. तसंच टाकून गेला की पुण्याला. अन् तुम्ही काचंच्या पेटीवर भरवसा ठिवून बसलाव." मग गोधडी झटकत, "छतावर काय दिसलं तर मी सांगन, आमच्याच न्हाणीतल्या पाइपाची ओल चढली म्हणून. तुम्ही बोलू नका."

लाइट आली. वाकवलेली तोटी सरळ करायची राहिली होती. तिनं व्यंकटरावांच्या फोटोवर समुद्राची पिचकारी मारली, आणि बाईंनी धावत ती खाली दाबली.

अश्लेषा दुसऱ्या दिवशी आली. पर्स न काढताच हौदापुढं बसली. प्रवाळं उघडलेली होती, मासे होते. मग तिला ओळीनं मांडलेले टप आणि बादल्या दिसल्या. बाईंनी सगळं सांगितलं, वीतभर काचेपासून. सून काय म्हणेल यापेक्षा काय करेल याची त्यांना भीती होती.

अश्लेषानं एका बादलीत बोट बुडवून चाखलं आणि चक्क हसली. "चूक माझीच, आई. खुणेपर्यंत का, ते सांगितलंच नाही. पण केवढं पाणी काढलंत! चौथाई हौद हलवलात तुम्ही. सगळा हलवायचा तर असाच हलवतात, बादल्यांतून. दगड वेगळे, मासे पिशवीत."

बाईंनी ओळीनं मांडलेल्या बादल्यांकडे पाहिलं. काल दुपारभर ज्याच्यासाठी धावलो, तो हौद बादल्यांतून जाणारा आहे.

"म्हणजे पुण्यालाही जाईल," त्या म्हणाल्या. हा शब्द सुनेपुढं त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता.

अश्लेषानं बोट पुसलं. फार वेळ पुसलं. "हिमांशूनं सांगितलं तुम्हाला?"

पंप चालू होता. पाणी आवाज न करता उतरत होतं, चढत होतं. बाईंना वाटलं, हा प्रश्न ऐकायला नको होता. पण तो विचारायला लावणारं वाक्य आपलंच होतं.

"कोणी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला तो कॉक कसा बंद करायचा ते दाखव. तुम्ही असेपर्यंत परत लाइट जाईलच." बादल्यांकडे न बघता त्यांनी पुढं म्हटलं, "आणि नेताना भांडी कमी पडली तर आशाबाईंचे टप आहेत."

"आई, अजून काही ठरलं नाही."

"दाखव आधी."

अश्लेषा कपाटापुढं मांडी घालून बसली. तिनं सासूचा हात धरून कॉकवर ठेवला. पुढच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा अनसूयाबाईंनी घरातलं सगळं काठोकाठ भरलं. एक बादली मात्र कपाटाशी रिकामी ठेवली. दिवसभर जाता-येता त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना जेवण गोड लागलं नाही.