तळहातावरचं दही

फ्रिजमधलं दही वाटीत काढलं आणि त्या आंबूस वासानं मी दिल्लीतल्या माझ्या पब्लिक स्कूलमध्ये पोचले. त्या दिवशी हाउस कॅप्टनची निवड होती. खाली स्कूलबस हॉर्न वाजवत होती, तरी आईनं यशासाठी तळहातावर दही घातलंच. हात धुवायला वेळ मिळाला नाही. मुलाखतीनंतर प्रिन्सिपॉलबाईंनी नेमका त्याच हाताशी हात मिळवला आणि आपला रुमालानं पुसत विचारलं, "बेटा, नाश्ते में क्या था?"

बॅज मिळाला. "बघ, दह्याचा गुण!" आई म्हणाली. माझ्या तयारीचं नावच नाही! पुढे पदवी, नोकरी, प्रमोशन, सगळं श्रेय दह्यालाच गेलं.

आज मुलीची मुलाखत. "मम्मा, यार, कॅब आलीय!"

"हात पुढे कर," मी म्हणाले. दुसऱ्या हातात ओला रुमाल तयार ठेवला होता.